पडीक नव्हे, माळ : प्रस्तावना

सह्याद्रीच्या माथ्यावर महाबळेश्वरी जो मेघ वर्षाकाठी साडेपाच हजार मिलिमीटरांच्या आसपास पाणी ओततो, तोच मेघ त्याच सातारा जिल्ह्याच्या पूर्व टोकाकडे, शंभुमहादेवाच्या डोंगररांगा ओलांडून दहिवडी-म्हसवडाच्या बाजूस येईतो इतका रिता झालेला असतो, की पाचशे मिलिमीटर पाऊस पडला तर साल बरे गेले असे माणदेशी माणूस समाधानाने म्हणतो. कुळकजाईच्या डोंगरात उगम पावलेली माणगंगा सातारा, सांगली आणि सोलापूर या तीन जिल्ह्यांची माती चाखीत पंढरपूर तालुक्यात सरकोलीपाशी भीमेला मिळते. आणि तिच्या दोन्ही तीरांवर, काळ्या मातीची अरुंद पट्टी संपली की, जो मुरमाड, उतरता, उघडा प्रदेश क्षितिजापर्यंत पसरलेला दिसतो, त्याला आम्ही माळ म्हणतो. या माळाच्या शास्त्राची, म्हणजे तृणभूमीच्या अभ्यासाची व तिच्या पुनरुज्जीवनाची, मराठी वाचकाला ओळख करून द्यावी एवढाच या ग्रंथाचा उद्देश आहे. आणि ती ओळख माणदेशापासूनच का करून द्यावी, हे सांगण्यासाठी ही प्रस्तावना थोडी लांबवीत आहे.

एका शब्दापासून आरंभ केला पाहिजे. तो शब्द म्हणजे ‘पडीक’. १८३६ च्या सुमारास इंदापूर परगण्यात गोल्डस्मिड आणि विंगेट या दोन अंमलदारांनी जमिनीच्या पाहणीची व जमाबंदीची जी पद्धत घालून दिली, ती पुढे सबंध मुंबई इलाख्यात लागू झाली. आणि त्या पद्धतीत जमिनीकडे पाहण्याची दृष्टी साहजिकच आकारणीची होती. ज्या तुकड्यावर आकार बसतो ती जमीन, ज्यावर बसत नाही ती पड. नांगर न लागणारा भाग पोटखराब, कोणाच्याच खाती न चढलेला भाग मुलकी पड, गावाच्या गुरांसाठी राखलेला भाग गायरान, अशी नावे दफ्तरात पडली, आणि दफ्तरातील नावे हळूहळू माणसांच्या मनात उतरली. याच्या अगोदरच्या काळी ही दृष्टी अशी नव्हती. मराठेशाहीचे बळ घोड्यावर होते आणि घोड्याचे बळ गवतावर; म्हणून कुरणे राखली जात, आणि मुलूखगिरीवर निघालेल्या फौजा वसूल करीत त्या बाबीचे नावच मुळी ‘घासदाणा’ असे होते. भीमथडीची तट्टे ज्या गवतावर पोसली ते गवत त्या काळच्या कारभाऱ्याला दौलतीचा भाग वाटत होते. शंभर-दीडशे वर्षांत तेच गवत पोटखराब्याच्या रकान्यात जाऊन बसले. जमीन तीच राहिली, बदलली ती नोंद. आणि नोंद बदलल्याने पुढे जमीनही बदलत गेली.

माणदेशात या दफ्तरी विभागणीला आणखी एक पदर होता. दहिवडीकडचा मुलूख इंग्रजी अमलात सातारा जिल्ह्यात मोडे, तर आटपाडीचा महाल औंध संस्थानात. पुढे संस्थान विलीन झाले आणि आटपाडी सांगली जिल्ह्यात गेली. एकच माळ, एकच वारा, एकच मेंढरू. परंतु कागद वेगवेगळ्या कचेऱ्यांत. त्यामुळे माणदेशाच्या माळाचा एकत्र, सलग असा विचार करण्याचे काम कोणत्याही एका कचेरीकडे कधीच आले नाही. ते काम साहित्याने मात्र केले. माडगूळच्या व्यंकटेश माडगूळकरांनी ‘बनगरवाडी’ लिहिली, आणि दुष्काळात ओस पडणारी धनगरांची वाडी १९५५ साली साऱ्या महाराष्ट्राच्या डोळ्यांपुढे उभी राहिली. ती कादंबरी वाचणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी असा प्रश्न स्वतःला विचारला असेल, की त्या वाडीची मेंढरे नेमके कोणते गवत खात होती, आणि पाऊस गेल्यावर त्या गवताचे काय झाले. हा प्रश्न विचारणे म्हणजेच तृणभूमिशास्त्राच्या उंबरठ्यावर पाऊल ठेवणे होय.

माझी स्वतःची या शास्त्राशी पहिली गाठ कुसळाने घालून दिली. अश्विनात माळावरून घरी परतले की धोतराचा काठ कुसळांनी शिवल्यासारखा होई, आणि ओसरीवर बसून एकेक कुसळ उपसण्यात संध्याकाळ जाई. ते कुसळ म्हणजे कुसळी गवताचे बी, हे पुष्कळ वर्षांनी कळले. आणि त्या बियाची रचना प्रथम भिंगाखाली पाहिली तेव्हा जे वाटले ते आजही शब्दांत नीट सांगता येत नाही. बियाच्या खालच्या टोकाला सुईसारखी तीक्ष्ण अणी असते आणि तिच्यावर उलट्या दिशेने वळलेले ताठ केस असतात, त्यामुळे ती एकदा आत शिरली की मागे फिरत नाही. वरच्या टोकाला लांब, काळसर शेपूट असते, ते सुकले की पीळ घेते आणि ओलावले की पीळ सोडते. रात्री दव पडते, दिवसा ऊन तापते. शेपूट फिरते, उलट फिरते, पुन्हा फिरते, आणि त्या फिरण्याच्या जोराने बी मुरमाच्या फटीत स्वतःला स्क्रूसारखे रोवून घेते. कोणी पेरणारा नाही, कोणी माती ओढणारा नाही. ज्या जमिनीला आम्ही पडीक म्हणतो, तिच्यावर दर वर्षी अशी अब्जावधी बीजांची पेरणी आपोआप होत असते.

गवताच्या अंगी आणखी एक गुण आहे आणि तो समजल्यावाचून चराईचे कोणतेच गणित सुटत नाही. गवताचे पान टोकाकडून वाढत नाही, बुडाकडून वाढते. आणि फुलोरा येईपर्यंत त्याचा कोंब जमिनीलगत, दातांच्या टप्प्याच्या खाली दडलेला असतो. म्हणून मेंढीने शेंडा खुडला तरी ठोंब मरत नाही. झाडाचा शेंडा खुडला तर झाडाची वाढ अडते, पण गवत मात्र खुडले जाण्यासाठीच घडलेले आहे. परंतु याचा अर्थ ते कितीही खुडावे असा नव्हे. पान म्हणजे ठोंबाची चूल. ती पुन्हा पुन्हा विझवली तर मुळांत साठवलेला शिधा संपतो, मुळे आखडतात, आणि पुढच्या अवर्षणात ठोंब जागेवरच वाळून जातो. या मरणाचा क्रम दख्खनच्या माळावर ठरलेला आहे. प्रथम शेडा, पवना, डोंगरी, मारवेल ही गोड व बहुवर्षायू गवते मागे हटतात. त्यांच्या जागी कुसळी पसरते. कुसळीही टिकेनाशी झाली की बोटभर उंचीची, वर्षायू, बारीक कुसळांची खुरटी गवते येतात. आणि तीही गेली म्हणजे मुरूम उघडा पडून पहिल्याच वळवाच्या सरीबरोबर ओढ्यात वाहू लागतो. जाणता मेंढका नुसत्या नजरेने सांगतो, की हा माळ या शिडीच्या कितव्या पायरीवर आहे.

हे ज्ञान ग्रंथात उतरवण्याचे काम ज्यांनी केले त्यांचे ऋण येथे नोंदवले पाहिजे. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातील स्विस धर्मोपदेशक-प्राध्यापक एथेलबर्ट ब्लॅटर आणि त्यांचे सहकारी चार्ल्स मॅक्कॅन यांचा मुंबई इलाख्यातील गवतांवरचा ग्रंथ १९३५ साली, म्हणजे ब्लॅटर यांच्या मृत्यूनंतरच्या वर्षी, प्रसिद्ध झाला. गवत ओळखणे हे वनस्पतिशास्त्रातील किती किचकट काम आहे, हे ज्याने एकदा भिंगाखाली गवताचे फूल उलगडून पाहिले त्यालाच कळेल. या ग्रंथाने ते काम पुढच्या पिढ्यांसाठी शक्य कोटीत आणले. तिकडे पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य विल्यम बर्न्स आणि त्यांचे सहकारी कुलकर्णी व गोडबोले यांनी पश्चिम हिंदुस्थानातील गवताळ जमिनींचा निरनिराळ्या अंगांनी अभ्यास केला. रान कुंपण घालून राखले तर काय होते, आळीपाळीने चारले तर काय होते, हे या देशात प्रयोगाने विचारणाऱ्या आरंभीच्या लोकांत त्यांची गणना होते. स्वातंत्र्यानंतर १९६२ साली झाशी येथे भारतीय चरागाह व चारा संशोधन संस्था स्थापन झाली, आणि पी. एम. दबडघाव व के. ए. शंकरनारायण या दोघांनी सबंध देशाच्या तृणाच्छादनाचे पाच मोठे प्रकार पाडणारा ग्रंथ १९७३ साली सिद्ध केला. त्या पाचांपैकी द्वीपकल्पाचा प्रकार सेहिमा-डायकॅन्थियम या जोडनावाने ओळखला जातो. माणदेशी भाषेत सांगायचे तर शेडा आणि मारवेल. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने याच मारवेलाचे सुधारित वाण शेतकऱ्याच्या बांधापर्यंत पोहोचवले. आणि अगदी आपल्या शेजारी, कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात, पोतदार, साळुंखे व यादव या तिघा अभ्यासकांनी २०१२ साली महाराष्ट्राच्या गवतांचा जो ग्रंथ प्रसिद्ध केला, तो हाती असल्यावाचून आज कोणत्याही माळावर पाऊल ठेवू नये, असे माझे मत आहे.

आता या शास्त्राच्या इतिहासातील अशा एका वळणाकडे येतो की ज्याचा माणदेशाशी अगदी जवळचा संबंध आहे. अमेरिकेत आर्थर सॅम्पसन यांनी १९२३ साली चराऊ रानांच्या व्यवस्थेवरचे पहिले पाठ्यपुस्तक लिहिले. त्यामागची कल्पना अशी होती, की प्रत्येक रानाला त्याची एक परिपूर्ण अवस्था असते, चराईचे ओझे वाढले की रान तीपासून पायरीपायरीने खाली उतरते, आणि ओझे उतरवले की त्याच पायऱ्यांनी वर चढते. म्हणून अमुक एकरांस अमुक जनावरे असे कोष्टक बांधता येते. हे कोष्टक जगभर गेले, आपल्याकडेही आले. परंतु ज्या देशी पाऊसच कोष्टक पाळीत नाही, जेथे एका साली सातशे मिलिमीटर तर दुसऱ्या साली अडीचशे पडतात, तेथे सरासरी धरून जनावरे मोजण्यात काय अर्थ? १९८९ साली वेस्टोबी, वॉकर आणि नॉय-मेइर या तिघांनी एका निबंधात स्पष्ट मांडले, की शुष्क प्रदेशातील रान शिडीप्रमाणे चढ-उतार करीत नाही. ते एका अवस्थेतून दुसऱ्या अवस्थेत एखाद्या अवर्षणाने, वणव्याने वा अतिचराईने ढकलले जाते, आणि पुष्कळदा नुसते ओझे उतरवल्याने मागे परतत नाही. म्हणून व्यवस्थापकाने संधी ओळखावी, संकट ओळखावे, आणि त्या त्या सालाप्रमाणे वागावे. वर मी ज्या क्रमाचा उल्लेख केला, त्यातील उतरण बहुधा खरी असते. चढणीची खात्री मात्र देता येत नाही.

हा निबंध मी प्रथम वाचला तेव्हा मला आमच्या धनगरांचे वाडे आठवले. दसरा-दिवाळी झाली की घोड्यांवर बिऱ्हाड लादून, कोंबड्या-कुत्र्यांसह, मेंढरांचे कळप पश्चिमेला पाण्याच्या मुलखाकडे निघतात. वाटेत शेतकऱ्यांच्या रानात मेंढरे बसवतात, लेंडीखताच्या मोबदल्यात धान्य वा पैसे घेतात. आणि मृगाची चाहूल लागली की माळाकडे परततात. आपला माळ उन्हाळाभर मोकळा ठेवायचा, आणि ठोंबांना फुटवा आल्यावरच त्यावर उतरायचे. सालाप्रमाणे वाट बदलायची, मुक्काम बदलायचा, कळप कमी-अधिक करायचा. जे तीन शास्त्रज्ञांनी निबंधात मांडले ते माणदेशी मेंढका पिढ्यान्‌पिढ्या पायांनी करीत आला आहे. गुंथर सोनथायमर या जर्मन पंडिताने आपल्या आयुष्याची उमेदीची वर्षे बिरोबा, म्हस्कोबा आणि खंडोबा यांच्या शोधात महाराष्ट्राच्या माळांवर घालवली, धनगरांच्या ओव्या टिपल्या, आणि १९७६ साली या दैवतांवरचा आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. तो धर्मेतिहासाचा ग्रंथ म्हणून वाचला जातो, पण तृणभूमीच्या अभ्यासकाने तो अवश्य वाचावा. आरेवाडीचा बिरोबा, खरसुंडीचा व म्हसवडचा सिद्धनाथ ही क्षेत्रे पावसाच्या छायेतील या पट्ट्यातच का वसली आहेत, याचे उत्तर काही अंशी देवळात आहे आणि काही अंशी त्याभोवतीच्या माळात आहे.

‘पण पूर्वी येथे घनदाट जंगल होते, ते तोडले म्हणून माळ झाला’ असे म्हणणारे पुष्कळ भेटतात, आणि या समजुतीवर पाहता पाहता सरकारी योजना उभ्या राहतात. या समजुतीचा मुळापासून विचार अलीकडे दोन मराठी अभ्यासकांनी केला आहे. आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील यांनी तेराव्या शतकापासूनचे पारंपरिक मराठी वाङ्मय, संतांच्या आख्यायिका व ओव्या धुंडाळून त्यांत आलेल्या ४४ वन्य वनस्पतींची नोंद केली. त्यांतील जवळजवळ दोनतृतीयांश वनस्पती विरळ झाडीच्या, उघड्या, गवताळ रानाच्या आहेत, असे त्यांनी २०२५ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात दाखवले. दाट अरण्याच्या खुणा तेथे ठळकपणे दिसत नाहीत. म्हणजे माळ हा जंगलाचा सांगाडा नव्हे. शेकडो वर्षांपूर्वीही तो माळच होता. मला स्वतःला या निबंधाने जितका आनंद दिला तितका क्वचितच कोणत्या शास्त्रीय लेखाने दिला असेल, कारण आमच्या भाषेचे जुने धन येथे आमच्या भूमीच्या बाजूने साक्षीला उभे राहिले.

या साक्षीची गरज किती आहे, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. माझ्या ओळखीच्या एका गावी गायरानाच्या उतारावर शेड्याचे सुरेख रान टिकून होते; ठोंब इतके दाट की पावसाचे पाणी त्यांतून गाळल्यासारखे नितळ उतरे. एका वर्षी वृक्षारोपणाची योजना आली. यंत्राने चर खोदले गेले, ठोंब मातीसह उलटे झाले, आणि गिरिपुष्पाची रोपे लावून फलक उभारला गेला. रोपांपैकी काही जगली. शेडा मात्र परतला नाही, आणि उलटलेल्या मुरमावर वेड्या बाभळीने घर केले. ज्यांनी हे केले त्यांच्या मनात वाईट काही नव्हते. त्यांच्या कागदावर ती जमीन पडीक होती, आणि पडीक जमिनीवर झाड लावणे हे पुण्य आहे असे त्यांना प्रामाणिकपणे वाटत होते. मला त्या दिवशी जे दुःख झाले ते एखादे जुने ग्रंथालय रद्दीत जाताना पाहून व्हावे तसे होते, आणि हा ग्रंथ लिहिण्याचा निश्चय त्याच दिवशी झाला. झाड हवे, परंतु ओढ्याकाठी, बांधावर, गावठाणात. माळाला हवी ती बाभूळ, हिवर, बोर, आणि तीही विरळ. धाविक आणि चंडोल जमिनीवर घरटे करतात, लांडगा व खोकड उघड्या रानात वाढतात. आणि ज्या माळढोकासाठी १९७९ साली नान्नजला अभयारण्य झाले, त्याला दूरवरचे दिसेल असे मोकळे रान लागते. या सर्वांना सावलीपेक्षा क्षितिजाची गरज अधिक.

मग माळ पुन्हा उभा कसा करावा? पुस्तकाच्या उत्तरार्धात याचा सविस्तर विचार केला आहे. येथे एवढेच सांगतो, की पहिले काम पाहण्याचे आहे. जेथे ठोंब शिल्लक आहेत तेथे काहीही लावू नये. दोन-तीन पावसाळे चराईबंदी पाळून बी पडू द्यावे, एवढे पुष्कळदा पुरते. जेथे ठोंब गेले आहेत तेथे मारवेलाचे ठोंब फोडून मृगात लावावेत. शेडा-डोंगरीचे केसाळ, कुसळयुक्त बी वाऱ्याने उडते म्हणून मातीच्या गोळ्यांत वळून टाकावे. कापणीच्या वेळेचा पेच मात्र प्रत्येक गावाला स्वतः सोडवावा लागतो: गवत फुलोऱ्यात कापले तर त्यात सत्त्व अधिक असते, पण बी पडत नाही; बी पडेपर्यंत थांबले तर वैरण काडीसारखी होते, आणि कुसळी तर मेंढराच्या तोंडाला व कातड्याला जखमा करते. म्हणून रानाचे भाग पाडून एक भाग दर साली बियासाठी राखून ठेवणे, हा जुन्या बीड, म्हणजे गवताचे रान, राखण्याच्या रीतीतील शहाणपणा आजही लागू आहे. पानी फाऊंडेशनने आपल्या समृद्ध गाव स्पर्धेत संरक्षित कुरणाचा विषय घातला, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. कारण माणच्या टाकेवाडीसारख्या गावांनी श्रमदानाने जे पाणी अडवले, त्या पाण्याबरोबर वाहून जाणारी माती धरून ठेवणारे गवतही आता गावसभेच्या चर्चेत आले.

ज्या तरुणांना या विषयात विद्यापीठीय आयुष्य घालवायचे आहे त्यांना एक गोष्ट आधीच सांगितली पाहिजे. प्रयोगशाळेत एक प्रयोग वर्षात दहा वेळा करता येतो. माळ वर्षातून एकदाच उत्तर देतो. अध्यापकाच्या सेवेत फार तर तीस-पस्तीस पावसाळे येतात, आणि माणदेशात त्यांतले कितीतरी कोरडे जातात. प्रबंध तीन वर्षांत पुरा करावा लागतो, अनुदानही बहुधा तेवढ्याच मुदतीचे असते. आणि माळाची एक अवस्था पालटायला दहा-वीस वर्षे लागतात. म्हणून येथे एकाच गावी, एकाच उतारावर, तेच चौकोन आखून वर्षानुवर्षे गवत मोजणारा माणूस लागतो, आणि त्याने निवृत्त होताना आपली वही दुसऱ्याच्या हाती द्यावी लागते. कीर्ती या मार्गाने उशिरा येते, कधी येतही नाही. तरीही १९७२ च्या दुष्काळापूर्वी माणच्या एखाद्या माळावर असे चौकोन कोणी आखून ठेवले असते, तर आज आपण किती निश्चयाने बोलू शकलो असतो, हा विचार मला पुष्कळदा अस्वस्थ करतो. तेव्हा झाले नाही ते आता आरंभता येईल. दहिवडी, म्हसवड, आटपाडी येथील महाविद्यालयांच्या दारातच प्रयोगभूमी पसरलेली आहे.

काळही अनुकूल आहे. संयुक्त राष्ट्रांनी २०२६ हे वर्ष चराऊ भूमी व पशुपालकांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून घोषित केले. सर्वोच्च न्यायालयाने २८ जानेवारी २०११ च्या जगपालसिंग खटल्याच्या निकालात गावाच्या सामायिक जमिनींवरील अतिक्रमणे हटवून त्या गावाला परत द्याव्यात असे सर्व राज्यांना बजावले. परंतु निकालाची अंमलबजावणी शेवटी गावच्या दफ्तरातच होते, आणि दफ्तरात माळ अद्याप पडच आहे. गायरान कोणाच्या तरी मालमत्तेत रूपांतरित होण्यापूर्वी ते काय आहे, त्यावर काय उगवते, कोणती मेंढरे कोणत्या महिन्यात तेथे चरतात, याची लेखी नोंद असणे हा आज त्याच्या रक्षणाचा सर्वांत साधा उपाय आहे.

याच हेतूने या ग्रंथाच्या अखेरीस काही पाने मुद्दाम कोरी ठेवविली आहेत. वाचकाने येत्या भाद्रपदात, गवते फुलोऱ्यात असताना, तलाठ्याकडून आपल्या गावच्या गायरानाचा गट क्रमांक उतरवून घेऊन पहिल्या पानावर लिहावा. मग एखाद्या जाणत्या मेंढक्याला बरोबर घेऊन ते रान एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालावे, आणि तो ज्या ज्या नावाने गवत ओळखील ते ते नाव तारखेसह तेथे मांडून ठेवावे, ही विनंती.